दुरुस्तीच्या कंपनीला कारागीर किती लागतात?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांत जुन्या धोट्याच्या मागांशेजारी आता रेपियर आणि एअरजेट माग धडधडताना दिसतात. केंद्र सरकारने १९९९ साली तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना सुरू केली, तेव्हापासून ही वाटचाल वाढली. २०१७ साली भिवंडीतून पॉवरटेक्स इंडिया ही योजना सुरू झाली आणि साध्या मागांवरही नवे भाग बसवण्याला हातभार लागला. यंत्रे बदलली तशी त्यांच्या दुरुस्तीची गरजही बदलली. कारखान्यातला जुना जॉबर पान्याने जे दुरुस्त करीत असे ते आता इलेक्ट्रॉनिक बोर्डात जाऊन बसले. म्हणून आय.टी.आय. झालेली मुले आणि जुने उस्ताद जॉबर एकत्र येऊन कंपनी काढतात, कारखानदारांशी वर्षाचा करार करतात आणि मागांच्या देखभालीची जबाबदारी घेतात. धंदा चांगला आहे आणि आपल्या मुलांच्या हुनरला साजेसा आहे.

पण या धंद्यात पहिल्याच वर्षी एक प्रश्न उभा राहतो. कारागीर किती ठेवायचे? कमी ठेवले तर कारखानदाराचा माग बंद पडून राहतो आणि करार दुसऱ्या वर्षी हातचा जातो. जास्त ठेवले तर पगार देता देता कंपनी बसते. आम्ही इंजिनियर नाही, कापडाचे व्यापारी आहोत. पण ज्या मागावर आमच्या ऑर्डरचे ग्रे कापड चढलेले असते तो माग दोन दिवस बंद राहिला की पुढे प्रोसेस हाऊसची तारीख चुकते आणि पार्टी माल घ्यायला कुरकुर करते. म्हणून हा हिशेब आमच्याही गरजेचा आहे. तो कसा मांडावा हे आज पाहू.

मागांवर माणसे मोजू नका

एका कारखान्याच्या छपराखाली ‘इतक्या मागांना एक जॉबर’ असा हिशेब चालतो. जॉबर तिथेच उभा असतो. माग थांबला की दहा पावलांवर पोहोचतो. बाहेरून येणाऱ्या कंपनीला हा हिशेब लागू होत नाही. तिचा कारागीर रस्त्यात असतो, वाहतुकीत अडकतो, गेटवर थांबतो, सुटा भाग आणायला परत दुकानात जातो. दोन कंपन्यांकडे सारखेच माग असले तरी एकीचे सर्व कारखाने एका गल्लीत आणि दुसरीचे तीन तालुक्यांत पसरलेले असतील तर दोघींना सारखी माणसे पुरणार नाहीत. म्हणून मोजायचे ते माग नव्हेत, कामाचे तास मोजायचे.

त्यासाठी एक साधे रजिस्टर पुरे. प्रत्येक तक्रारीपुढे पाच गोष्टी लिहाव्यात: तक्रार किती वाजता आली, कारागीर किती वाजता निघाला, किती वाजता पोहोचला, माग किती वाजता चालू झाला आणि त्याच दोषासाठी पुन्हा जावे लागले का. तीन महिने हे रजिस्टर इमानदारीने भरले तर निम्मे उत्तर त्यातच मिळते. ज्यांची कंपनी अजून सुरूच व्हायची आहे त्यांनी ज्या कारखान्यांशी करार करायचा आहे तिथल्या जॉबरकडून मागच्या काही महिन्यांतील बिघाड विचारून घ्यावेत.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, एका कंपनीकडे ३० कारखान्यांतील मिळून २४० रेपियर माग आहेत. खालचे आकडे केवळ समजावण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या रजिस्टरातले आकडे त्या जागी घालावेत.

एका मागाची महिन्याला सरासरी दीड तक्रार येते. म्हणजे महिन्याला ३६० तक्रारी. एका तक्रारीला प्रवास ३० मिनिटे, दुरुस्ती ७० मिनिटे आणि चाचणी, सही, नोंद यांना १० मिनिटे, असे ११० मिनिटे लागतात. ३६० तक्रारींचे झाले ६६० तास.

याशिवाय ठरावीक देखभाल असते. प्रत्येक माग तीन महिन्यांतून एकदा उघडून साफ करणे, तेल-ग्रीस, पट्टे, गिअर, सेन्सर तपासणे. त्याला एका मागामागे तीन तास धरले तर महिन्याला ८० मागांचे २४० तास. दोन्ही मिळून काम झाले ९०० तास.

आता कारागिराकडे तास किती? इथे बहुतेकजण फसतात. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास म्हणून २०८ तास धरतात. प्रत्यक्षात वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, १० सणांचे दिवस, १८ दिवस रजा आणि आजारपण, ५ दिवस प्रशिक्षण वजा करा. उरतात २८० दिवस. दिवसाच्या आठ तासांतून जेवण, नमाज, चहा आणि दुकानातून सुटे भाग घेणे यात एक तास जातोच. तो देणे न्याय्य आहे, तो चोरलेला वेळ नव्हे. उरले सात तास. वर्षाचे झाले १,९६० तास, महिन्याचे सरासरी १६३. कागदावरच्या २०८ आणि हातात येणाऱ्या १६३ तासांत जो फरक आहे, पुष्कळ कंपन्या त्यातच बुडतात.

९०० ला १६३ ने भागले की उत्तर येते साडेपाच. मग मालक म्हणतो, सहा माणसे ठेवू, अर्धा माणूस जास्तच झाला. पाच माणसे ठेवली तर काय होईल हे उघड आहे: काम रोज थोडे थोडे साचत जाईल आणि कधीच संपणार नाही. पण सहा पुरतील का? इथेच खरी गोम आहे.

माणूस पूर्ण भरला की रांग लागते

माग वेळापत्रक पाहून बिघडत नाहीत. सोमवारी सकाळी एकदम नऊ तक्रारी येतात आणि मंगळवारी दुपारपर्यंत फोन वाजत नाही. मंगळवारचा रिकामा वेळ सोमवारला उसना देता येत नाही. म्हणून सरासरीने हिशेब बसला तरी रांग लागते.

या गोष्टीचा अभ्यास शंभर वर्षांहून जुना आहे. डेन्मार्कच्या कोपनहेगन टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे गणिती नोकरीला होते. किती फोनलाइनी ठेवल्या म्हणजे लोकांना फार थांबावे लागणार नाही, या प्रश्नावर त्यांनी १९०९ आणि १९१७ साली लेख लिहिले. पुढे स्वीडनच्या पाम यांनी १९४७ साली हाच विचार यंत्रे आणि त्यांची देखभाल करणारे कामगार यांना लावला. १९५१ साली बेन्सन आणि कॉक्स यांनी अधूनमधून बंद पडणाऱ्या यंत्रांवर लेख प्रसिद्ध केला. यातले कॉक्स त्याआधी इंग्लंडमधील लीड्सच्या लोकर उद्योग संशोधन संस्थेत काम करीत होते. म्हणजे या विद्येचे आणि कापडाच्या धंद्याचे नाते जुने आहे.

त्यांच्या गणिताचे सार व्यापाऱ्याच्या भाषेत असे. एकच कारागीर असेल आणि तक्रारी वेळीअवेळी येत असतील तर त्याचा निम्मा वेळ भरलेला असताना ग्राहकाला सरासरी एका कामाच्या वेळेइतके थांबावे लागते. ८० टक्के भरला की चार कामांच्या वेळेइतके. ९० टक्के भरला की नऊ पट. ९५ टक्के भरला की एकोणीस पट. काम दोन तासांचे असेल तर ८० टक्क्यांवर आठ तास आणि ९० टक्क्यांवर अठरा तास वाट पाहणे आले. मालकाला वाटते माणूस दिवसभर राबतो आहे, पगार वसूल होतो आहे. तिकडे ग्राहकाचा माग झाकून ठेवलेला असतो.

दुसरी गोष्ट याहून कामाची आहे. दोन कारागिरांना दोन मोहल्ले वाटून दिले आणि दोघेही ८० टक्के भरलेले असले तर प्रत्येक ग्राहक सरासरी चार कामांची वेळ थांबतो. तेच दोघे एकाच रांगेतून तक्रारी घेऊ लागले, जो मोकळा तो गेला, तर थांबणे पावणेदोन कामांवर येते. चौघे एका रांगेत असतील तर पाऊण कामावर. एक पैसा जास्त खर्च न करता वाट पाहणे कमी होते. म्हणून ‘हा कारखाना माझा, तो तुझा’ अशी भिंत शक्यतो बांधू नये. प्रवास फारच लांबचा असेल तरच विभाग पाडावेत.

सहा, सात की आठ?

आता आपल्या २४० मागांकडे परत येऊ. सर्व कारागीर एका रांगेतून काम घेतात आणि कोणीही कोणतेही काम करू शकतो असे धरले तर त्याच गणिताने अंदाज असा निघतो.

सहा माणसे: प्रत्येकजण ९२ टक्के भरलेला, ग्राहकाची सरासरी वाट तीन तासांहून जास्त.

सात माणसे: ७९ टक्के भरलेला, वाट सुमारे ४० मिनिटे.

आठ माणसे: ६९ टक्के भरलेला, वाट पंधरा मिनिटांच्या आत.

सहावरून सातवर जाताना वाट एकदम कोसळते. सातवरून आठवर जाताना थोडीच कमी होते. आता पैशांत पाहू. माग मिनिटाला ३६० पिक मारतो आणि कापडात इंचाला ६० पिक आहेत, तर मिनिटाला ६ इंच, तासाला १० यार्ड, म्हणजे नऊ मीटरच्या वर कापड निघते. मजुरी पिकामागे २० पैसे धरली तर मीटरला १२ रुपये. म्हणजे बंद मागाचा एक तास सुमारे ११० रुपयांना पडतो. यात बसलेल्या विणकराची रोजी आणि चुकलेली तारीख धरलेली नाही.

सातवा माणूस ठेवल्याने प्रत्येक तक्रारीमागे निदान अडीच तास वाचतात. ३६० तक्रारींचे ९०० तास, म्हणजे ९९,००० रुपये महिना. सातव्या माणसाचा पगार, भविष्य निर्वाह निधी, दुचाकीचे पेट्रोल मिळून ३०,००० रुपये धरू. तो ठेवणे शहाणपणाचे आहे. आठव्या माणसामुळे तक्रारीमागे आणखी सुमारे २५ मिनिटे वाचतात, म्हणजे १५० तास आणि १६,५०० रुपये. खर्च ३०,००० आणि वाचले १६,५००. तो तूर्त नको. आपल्या उदाहरणाचे उत्तर सात आहे.

मालक म्हणेल, वाचलेले ९९,००० माझ्या गल्ल्यात येत नाहीत, ते कारखानदाराचे वाचतात. बरोबर आहे. म्हणूनच हा हिशेब करार करताना कारखानदारासमोर ठेवायचा असतो. सहा माणसांचा खर्च २४० मागांवर वाटला तर मागामागे महिना ७५० रुपये येतो. सात माणसांचा ८७५. कारखानदाराने १२५ रुपये जास्त दिले तर त्याचे मागामागे ४०० रुपयांहून जास्त वाचतात. आम्ही व्यापारात पाहिले आहे की सर्वात स्वस्त भाव देणारा मिळवतो तो पहिला करार, आणि वेळेवर माल देणारा मिळवतो तो दहावा.

डोकी सात, पण हुनर किती?

वरचा हिशेब सर्वांना सर्व येते असे धरून केला आहे. प्रत्यक्षात तसे नसते. एकाचा हात यांत्रिक कामात बसलेला असतो, दुसऱ्याला डॉबी-जकार्ड समजते, तिसरा इलेक्ट्रॉनिक बोर्ड वाचतो, चौथा कॉम्प्रेसरचा जाणकार असतो. सात माणसांत बोर्ड समजणारा एकच असेल तर बोर्डाच्या तक्रारींसाठी तुमची कंपनी सात माणसांची नाही, एका माणसाची आहे. तो आजारी पडला किंवा दुसऱ्याने जास्त पगारावर नेला की सगळे अडले.

म्हणून एका कागदावर उभे कारागिरांची नावे आणि आडवी कामे लिहून खुणा कराव्यात. ज्या कामाखाली एकच खूण असेल तिथे धोका समजावा. प्रत्येक कामाला निदान दोन माणसे हवीत. आठवा माणूस घेण्यापेक्षा सातांतील दोघांना बोर्डाचे काम शिकवणे पुष्कळदा जास्त फायद्याचे ठरते. वस्त्रोद्योग मंत्रालयाची पॉवरलूम सर्व्हिस सेंटरे जॉबर आणि विणकरांना प्रशिक्षण देतात. यंत्र विकणाऱ्या कंपन्याही शिकवतात. त्यांचा उपयोग करावा. शिकाऊ मुले ठेवली तर उत्तमच, पण पहिल्या वर्षी शागिर्दाला पूर्ण माणूस मोजू नये. उस्तादाचाही काही वेळ त्याच्यामागे जातो.

रात्र, ईद आणि उन्हाळा

यंत्रमागाच्या गावांत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या सर्रास चालतात. रात्री दोन वाजता बिघडलेला माग लगेच दुरुस्त करून देण्याची हमी करारात लिहिली असेल तर हिशेब वेगळा होतो. वर्षाचे ३६५ दिवस चोवीस तास एक खुर्ची भरलेली ठेवायची तर ८,७६० तास लागतात. एका माणसाकडे आहेत १,९६०. म्हणजे एका खुर्चीला जवळजवळ साडेचार माणसे. म्हणून रात्रीची हमी देताना दर वेगळा लावावा, किंवा रात्री फोनवर सल्ला आणि सकाळी पहिले काम तुमचे, असे स्पष्ट लिहावे. जी हमी पाळता येणार नाही ती देऊ नये.

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. ठरावीक देखभालीला हा दिवस फार मोलाचा आहे, कारण माग उघडला तरी कापडाचे नुकसान होत नाही. मात्र जो कारागीर शुक्रवारी जुम्याच्या नमाजची वेळ सोडून काम करील त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यावी. ईदच्या आधी ऑर्डरी वाढतात आणि माग थांबवायला कोणी तयार नसतो. ईद झाली की परप्रांतीय कारागीर गावी जातात. उन्हाळ्यात लग्नसराई असते. पावसाळ्यात ओल आणि गंज यांच्या तक्रारी निघतात. महिन्याची सरासरी हे महिने लपवते. म्हणून रजिस्टरातला सर्वात भारी महिना वेगळा काढून पाहावा. तेवढ्या महिन्यासाठी कायम माणूस ठेवण्यापेक्षा ओळखीच्या निवृत्त जॉबरला रोजावर बोलवावे आणि ठरावीक देखभालीची कामे आधीच्या महिन्यात उरकून घ्यावीत.

माणूस वाढवण्याआधी काम कमी करा

रजिस्टरातला पाचवा रकाना आता पाहा. ३६० पैकी ६० फेऱ्या त्याच दोषासाठी दुसऱ्यांदा झाल्या असतील तर त्या ६० फेऱ्यांचे ११० तास गेले. हा एका माणसाच्या महिन्याचा दोन तृतीयांश वेळ झाला. दुसरी फेरी का झाली ते विचारा. सुटा भाग जवळ नव्हता? मग नेहमी लागणारे पट्टे, सेन्सर, बेअरिंग, फ्यूज प्रत्येकाच्या पेटीत ठेवा. दोष नीट कळला नाही? मग शिकवा. फोन घेणाऱ्याने नीट विचारले नाही? मग मागाच्या पडद्यावर कोणता आकडा दिसतो हे विचारून, शक्य तर मोबाइलवर फोटो मागवूनच कारागीर पाठवा. माग साफ ठेवणे आणि तेल घालणे विणकराला शिकवले तर पुष्कळ तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

जादा तासांचा मोह

सात माणसांचे काम पाचांकडून ओव्हरटाइमवर करून घेण्याची युक्ती काहीजण करतात. आठवड्याला ४८ तास आणि जादा तासाला दुप्पट मजुरी हे सूत्र १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आले आहे आणि नव्या कामगार संहितेतही कायम आहे. दुप्पट मजुरी दिली तर युक्तीत बचत उरत नाही. न दिली तर तो दुसऱ्याच्या घामाचा हक्क मारणे झाले. शिवाय बारा तास राबलेल्या माणसाचा हात फिरत्या गिअरजवळ असतो. थकलेला कारागीर स्विच बंद करायला विसरला तर बोट जायला क्षण लागतो. ते कोणत्याही हिशेबात भरून येत नाही.

तेव्हा कंपनी काढणाऱ्या तरुणांनी क्रम असा ठेवावा. तीन महिने रजिस्टर भरा. कामाचे तास काढा. माणसाचे खरे तास १६३ च्या आसपास धरा, २०८ नव्हे. भरणा ७५ ते ८० टक्क्यांवर थांबवा. रांग एक ठेवा. प्रत्येक कामाला दोन जाणकार तयार करा. मग एकेका जास्त माणसाचा खर्च आणि त्याने वाचणारे मागाचे तास समोरासमोर मांडा. जिथे खर्च जास्त होतो तिथे थांबा. दर सहा महिन्यांनी हा हिशेब पुन्हा करा, कारण माग जुने होतात, करार वाढतात आणि नवीन मुले तयार होत असतात.